लक्झर मंदिरातली रोमन चित्रं: गाईड म्हणाला चर्च होतं, खरं काय?

बोरिवलीची_ताई

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन इजिप्तला जाऊन आले, ग्रुप टूर होती, कैरो आस्वान करून शेवटी लक्झर. लक्झर टेंपल आम्हाला रात्री दाखवलं, लाइट लावलेले असतात तेव्हा. मोठं अंगण, मग ३२ खांबांचा मंडप आणि त्याच्या मागे एक खोली लागते. तिथे फॅरोच्या कोरीवकामावरच गिलावा चढवलाय आणि त्यावर रंगीत चित्रं आहेत, लांब झगे घातलेली माणसं, एका कोपऱ्यात घोडे पण दिसतात. समोर अर्धगोल कोनाडा, त्यात उभ्या आकृत्या आणि दोन्ही बाजूला ग्रीक वाटावेत असे खांब. गाईड म्हणाला ख्रिश्चनांनी इथे चर्च केलं होतं, हे सगळे संत, आणि दोन मिनिटांत पुढे घेऊन गेला. मला मात्र ते घोडे काही केल्या डोक्यातून जाईनात, संतांच्या चित्रात घोड्यांची रांग कशाला?

आणि दुसरं, जिथे गिलावा पडलाय तिथे खालचं कोरीवकाम इतकं स्वच्छ दिसतं की बाबा म्हणाले उरलेलाही काढून टाकायला हवा, मूळ ते मूळ. मला ते पटलं नाही पण का पटलं नाही ते सांगता येईना. हॉटेलवर जाईपर्यंत आमचा यावर वाद चालू होता. कुणाला माहिती असेल तर नीट सांगा प्लीज.

कलिना_इतिहास

ताई तुमची शंका बरोबर आहे, ते चर्च नव्हतं. पण तुमच्या गाईडला फार दोष देऊ नका, जुन्या अभ्यासकांचाही बरीच वर्षं तोच समज होता, कारण कोनाड्यातल्या माणसांच्या डोक्यामागे प्रभावळ आहे आणि ती बघितली की कुणालाही संतच आठवणार. पण तेव्हा रोमन सम्राटांनाही प्रभावळ दाखवायचे. १९५३ मध्ये मोनेरे द व्हिलार्ड या इटालियन अभ्यासकाने नीट मांडलं की ही सम्राटपूजेची खोली आहे.

आता कोनाड्यातले ते चौघे कोण. इ.स. २९३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला, तो स्वतः आणि मॅक्झिमियन हे दोन ऑगस्टस म्हणजे थोरले, कॉन्स्टँटियस आणि गॅलेरियस हे दोन सीझर म्हणजे धाकटे. व्हेनिसला सेंट मार्कच्या कोपऱ्यावर एकमेकांना मिठी मारून उभे असलेले चार जांभळे पुतळे कुणी पाहिले असतील तर तेही सम्राटांच्या याच चौकडीचे मानतात, आणि तो जांभळा दगडसुद्धा इजिप्तच्याच वाळवंटातला. लक्झरच्या कोनाड्यात हे चौघे शेजारी शेजारी उभे होते, त्यातली एक आकृती नंतर मुद्दाम खरवडून काढलीय. मॅक्झिमियन पुढे कॉन्स्टँटियसचा मुलगा सम्राट कॉन्स्टंटाईन याच्याविरुद्ध उठला, ३१० मध्ये मेला आणि त्याची नावं, प्रतिमा जागोजागी पुसल्या गेल्या, म्हणून ती आकृती त्याचीच असावी असं धरतात.

घोडे का, तर तिथे लष्कर होतं. २९७-९८ मध्ये इजिप्तमध्ये बंड झालं, डायोक्लेशन स्वतः आला, अलेक्झांड्रियाला कित्येक महिने वेढा घातला, मग दक्षिणेला आस्वानजवळच्या फिलेपर्यंत जाऊन सरहद्द पक्की केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत या मंदिराभोवती तट बांधून छावणी केली. लक्झर हे नावसुद्धा अरबी अल-उक्सुर म्हणजे वाडे, किल्ले, आणि त्यातला कस्र हा शब्द लॅटिन कास्त्रा म्हणजे छावणीवरून आला असं मानतात. चित्रातले घोडे हातात धरून चाललेले सैनिक त्यातलेच.

मला यात सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट म्हणजे आपण ज्याला चर्च समजत होतो ती डायोक्लेशनची खोली, आणि याच माणसाने ३०३ मध्ये ख्रिश्चनांचा मोठा छळ सुरू केला. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन आजही त्यांचं कॅलेंडर २८४ पासून मोजतात, म्हणजे तो गादीवर आला त्या वर्षापासून, आणि त्याला हुतात्म्यांचा शक म्हणतात.

गिरगावकर

माहिती उत्तम, पण ताई मी तुमच्या बाबांच्या बाजूने आहे. ते मंदिर तिसऱ्या आमेनहोतेपने बांधलेलं, ख्रिस्तापूर्वी चौदावं शतक, म्हणजे रोमनांनी छावणी केली तेव्हाच ते सोळा-सतराशे वर्षांचं जुनं होतं. त्या खोलीत आधी आठ खांब होते ते रोमनांनी काढले, गाभाऱ्याकडे जायचं दार बुजवून त्याचा कोनाडा केला आणि कोरलेल्या देवांवर गिलावा मारला. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर आपण ते जपा म्हणालो असतो का? मनापासून विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही.

कलिना_इतिहास

काका प्रश्न योग्य आहे, पण मला ती निव्वळ मोडतोड वाटत नाही. लक्झर हे मुळात राजाचं देवत्व नवं करायचं मंदिर, ओपेत उत्सवात जवळच्या कर्नाक मंदिरातून अमुन देवाची होडी इथे यायची आणि राजा आत जाऊन अमुनचं तेज घेऊन बाहेर यायचा. अलेक्झांडरनेसुद्धा आतल्या भागात त्या होडीसाठी देव्हारा बांधून भिंतींवर स्वतःला फॅरोच्या वेशात कोरून घेतलं, आणि तो देव्हारा या खोलीच्या मागेच आहे. म्हणजे राज्यकर्त्याची पूजा करायला रोमनांनी जागा निवडली ती नेमकी राज्यकर्त्याला देव करायचीच. भाषा बदलली, काम तेच राहिलं.

जेजेचा_माजी

मी चित्रकलेच्या बाजूने लिहितो. गिरगावकर, दगडातलं कोरीवकाम गिलाव्याखाली शाबूत राहतं, हवं तेव्हा दिसू शकतं, पण गिलाव्यावरचं चित्र एकदा पाडलं की चुरा होतो, परत काही मिळत नाही. शिवाय फॅरोंचं कोरीवकाम त्याच मंदिरात भिंतीच्या भिंती भरून आहे, कर्नाकला तर बघून माणूस थकतो, पण त्या काळातली रोमन राजदरबाराची चित्रं जगात किती उरलीत हो, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.

आणि आधी खूप गेलंच आहे. गार्डनर विल्किन्सन नावाच्या इंग्रजाने १८५० च्या दशकात तिथे बसून वॉटरकलरमध्ये नकला केल्या, तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त चित्र भिंतीवर होतं. आज त्या खोलीचं पूर्ण रूप कसं होतं हे कळतं ते बरंचसं त्याच्या कागदांवरून. हे वाचलं की मला आमच्या जेजेचे प्रिन्सिपल ग्रिफिथ्स आठवतात, १८७२ पासून बारा-तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला नकला करत होते आणि त्यातल्या बऱ्याच १८८५ ला लंडनच्या आगीत जळाल्या, त्याच्या आधी रॉबर्ट गिलच्या नकलाही १८६६ च्या आगीत गेल्या होत्या. विल्किन्सनचे कागद बचावले हे नशीब.

लक्झरच्या चित्रांची सफाई २००० च्या दशकात झाली, अमेरिकन रिसर्च सेंटर इन इजिप्तने शिकागो हाऊस या शिकागो विद्यापीठाच्या लक्झरमधल्या केंद्राबरोबर केली, हात इटालियन कॉन्झर्वेटर लोकांचे. त्याआधी तो काळपट गिलावा होता, लोक बघायचेही नाहीत. अजिंठ्यालाही १९२० च्या सुमारास निजामाने इटालियन लोकच बोलावले होते, पण त्यांनी वर शेलॅकचं व्हार्निश दिलं, ते पिवळं पडलं आणि ते काढायचं काम पुढे पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं पुरलं. म्हणून सफाई म्हटलं की मला आधी धडकीच भरते, लक्झरला मात्र संयमाने काम झालंय, जिथे रंग नाही तिथे मनाने भरलेला नाही.

बोरिवलीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, पूर्ण थ्रेड बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. गिरगावकर काका, तुमचा प्रश्न वाचून मला एकदम आमच्या घराजवळचं मंडपेश्वर आठवलं. शंकराची लेणी, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथे चर्च केलं, वर त्या बांधकामाचे अवशेष अजून आहेत आणि आत एका भिंतीवर मूर्तीच्या जागी कोरलेला क्रॉस आहे. आता तिथे पुन्हा पूजा होते, महाशिवरात्रीला रांग असते, आणि तो क्रॉस तिथेच आहे. बाबा चाळीस वर्षं तिथे जातात, तो काढा असं कधी म्हणाले नाहीत. मी तसं विचारलं तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले घोड्यांचा फोटो परत दाखव.

माटुंगा_मेल

आम्ही जानेवारीत चाललोय, ती खोली नेमकी कशी शोधायची आणि काय बघायचं?

बोरिवलीची_ताई

३२ खांबांचा मंडप ओलांडला की सरळ समोरच. कोनाड्याकडे तोंड करून उभे राहा आणि डाव्या हाताचा कोपरा बघा, माणसं आणि घोडे तिकडेच वाचलेत. जमलं तर दिवसा जा, रात्रीच्या पिवळ्या लाइटमध्ये मला रंग नीट कळलेच नाहीत. आणि गाईड पुढे चला म्हणाला तरी पाच मिनिटं थांबा तिथे.