ज्याचं नुकसान केलं त्याच्या वतीनं देव माफ करू शकतो का?

कवडसा
आमच्या एका काकांनी पंधरा वर्षांपूर्वी बाबांचे पैसे बुडवले. आता काशीला जाऊन आलेत. परवा एका लग्नात भेटले, म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हा धागा.

ज्यूंच्या 'तेशुवा'चं भाषांतर आपण पश्चात्ताप असं करतो. पश्चात्तापात ताप आहे, आतली जळजळ. तेशुवाचा मूळ धातू 'शूव', म्हणजे परतणं. वाट जिथे चुकली तिथपर्यंत उलट पावली चालत जायचं. मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांचा संग्रह, त्यातला नियम तर सरळ सांगतो की योम किप्पूरचा, म्हणजे वर्षातल्या प्रायश्चित्ताचा दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं धुतो, पण माणसानं माणसाचं केलेलं वाईट, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत धुतलं जात नाही. पंचवीस तास पाण्याचा थेंब न घेता उपास केलात तरी.

१२व्या शतकात रॅम्बम (मैमोनिदेस) या ज्यू धर्मपंडितानं तेशुवाचे नियम दहा अध्यायांत लिहिले. त्यात पैसे परत केले तरी मनधरणी चुकत नाही. समोरचा ऐकत नसेल तर तिघांना सोबत घेऊन जा, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो वारला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि सगळ्यांसमोर कबूल कर. माझं मत स्पष्ट आहे: देवानं परस्पर माफ करणं म्हणजे ज्याचं गेलं त्याची दुसऱ्यांदा फसवणूक.

खडूस मास्तर
असहमत. आणि रॅम्बमचं पुढचं वाक्य तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तीन खेपा झाल्यावरही समोरचा विरघळला नाही, तर त्याला सोडून द्यायचं, आणि मग पापी कोण? माफ न करणारा! म्हणजे तुमचे काका तीनदा माणसं घेऊन दारात उभे राहिले की चेंडू तुमच्या अंगणात. ज्याचं गेलं त्यालाच शेवटी निष्ठुर ठरवायची ही सोय. त्यापेक्षा देवानं परस्पर माफ केलेलं बरं, निदान माझ्यावर जबरदस्ती नाही.

कवडसा
मास्तर, मुद्दा मान्य. गाळला मुद्दाम नव्हता, पण अडचणीचा आहे खरा. तरी क्रम बघा. आधी नुकसान भरून द्यायचं, मग खेपा. आणि पुरता तेशुवा कधी? तोच मोह, तीच संधी पुन्हा समोर आली, अंगात ताकदही आहे, तरी केलं नाही, तेव्हा. काकांच्या हाती पुन्हा कुणाचे पैसे पडू देत, मग बघू.

बोरकूट
दोघेही हिशेबातच अडकलात. ३ऱ्या शतकातल्या रेश लाकीश या ज्यू पंडिताचं मत वाचा. भीतीपोटी परतलात तर मुद्दाम केलेली पापं चुकांमध्ये जमा होतात. प्रेमापोटी परतलात तर तीच पापं पुण्य म्हणून धरली जातात. ही वाक्यं साध्या माणसाची नाहीत. परंपरा सांगते की तो आधी दरोडेखोर होता. रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहाननानं त्याला विद्येकडे वळवलं, स्वतःची बहीण दिली. पुढे एकदा चर्चा चालली होती की तलवार, सुरी, खंजीर यांना विटाळ नेमका कोणत्या टप्प्यापासून लागतो. दोघांचं जुंपलं. आणि योहानन बोलून गेला, "दरोडेखोराला दरोड्याची हत्यारं माहीत असणारच."

झालं. रेश लाकीशनं अंथरूण धरलं. बहिणीनं हातापाया पडून विनवलं, भाऊ हलला नाही. रेश लाकीश वारला. मग योहाननही त्याच्या नावानं आक्रोश करत, भ्रमिष्ट होऊन गेला. आणि मिश्नात नियम आहे की परतलेल्या माणसाला 'तुझी पहिली करणी आठव' असं म्हणायचं नाही! तो नियम योहाननाला ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? परत येणारा येतो हो, आपल्याला त्याचं आलेलं बघवत नाही.

खडूस मास्तर
गोष्ट सुंदर आहे. पण ज्यांच्यावर दरोडे पडले त्यांची नावं कुठे आहेत त्यात?

बोरकूट
नाहीत. 😐 तरीपण तुळईचा नियम बघा. कुणी चोरीची तुळई घरात बसवली, मग त्याला उपरती झाली. शम्माई आणि हिल्लेल हे जुने ज्यू गुरू, दोघांचे दोन पक्ष. शम्माईचा पक्ष म्हणतो, अख्खी इमारत पाड, तुळई परत दे. हिल्लेलचा पक्ष म्हणतो, किंमत दे, पुरे. नियम हिल्लेलचा लागला. कारण घर पाडायला लावलं तर उद्या परतायचं नावही कुणी घेणार नाही. मालकाची तुळई गेली ती गेलीच, थोडा अन्याय त्याच्यावर झालाच. पण दार उघडं राहिलं.

रेवसची पणती
दाराचा विषय निघाला म्हणून लिहिते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. योम किप्पूरला आमच्या जुन्या माणसांचा शब्द 'दारफळणीचा सण'. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, उपास, कुणाला भेटायचं नाही. शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे) म्हणून कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांकडे कित्येक पिढ्या ना हिब्रू पोथ्या होत्या, ना रब्बी. मुंबईत आमचं पहिलं प्रार्थनामंदिर झालं ते १७९६ साली, शार हारहमीम, म्हणजे दयेची दारं. त्याआधी रॅम्बमचे नियम गावात कुणी वाचले असतील असं मला वाटत नाही.

तेव्हा कवडसा, तुमची व्याख्या आमच्या पणजोबांना लागू करून बघा. ते त्या दिवशी माणसांपासून दूर जात होते. मनधरणी नाही, तीन खेपा नाहीत, फक्त बंद दार आणि उपाशी पोट. तो तेशुवा नव्हता म्हणता?

पण दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म, भेटीगाठी. आजी सांगायची, वर्षभर ज्याच्याशी अबोला, त्याच्या घरी पहिलं जायचं. माफी हा शब्द कुणी उच्चारत नसे. "ये, बस" इतकंच.

कवडसा
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. पोथीशिवाय लोक दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात पोचलेच की.

खडूस मास्तर
मग मी तुमचं उत्तर तुमच्यावर उलटवतो. पैसे बाबांचे. बाबा आहेत?

कवडसा
नाहीत. चार वर्षं झाली.

खडूस मास्तर
मग त्यांच्या वतीनं देव माफ करू शकत नाही, तर तुम्ही कोण?

कवडसा
...रॅम्बमच्या मते देणं वारसांना द्यायचं आणि कबुली द्यायची. म्हणजे काका आले तर पैसे मी घेऊ शकतो. माफी माझ्या हातात नाही, बरोबर आहे तुमचं. आणि दहा माणसं तरी कुठे उभी करायची? अस्थी नदीत सोडल्या, आमच्याकडे कबर नाही.

रेवसची पणती
काकांना आधी घरी तर बोलवा. दहा माणसं लग्नाकार्यात आपोआप जमतात.