मदत हवी आहे: मोरचुदाचं द्रावण गढूळ का होतंय? आज रात्रीच उत्तर हवंय

निळा_थेंब
मंडळी, घाईत लिहितोय. उद्या सकाळी प्रयोगवही द्यायची आहे. प्रयोग साधाच आहे: द्रावण, निलंबन आणि कलिल यांतला फरक ओळखणे. पुस्तक म्हणतं, मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) पाण्यात विरघळवलं की पारदर्शक निळं द्रावण मिळतं, गाळण कागदावर काही उरत नाही आणि प्रकाशाचा झोत आतून जाताना दिसत नाही. माझ्या चंचुपात्रात मात्र फिकट निळं, दुधी, गढूळ पाणी आहे. लेझर टाकला तर आत स्वच्छ रेघ दिसते. ढवळून ढवळून हात भरून आला, फरक शून्य. मग हे द्रावण नाहीच का? वहीत काय लिहू?

गाळणी
किती मोरचूद, किती पाणी, पाणी कुठलं, गरम केलंत का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आधी हे सांगा, मग बोलता येईल.

अणुरेणू
एवढं विचारायची गरज नाही. मोरचूद जास्त पडलंय. द्रावण संतृप्त झालं की उरलेलं विरघळत नाही, ते तसंच तरंगत राहतं. पाणी वाढवा, साफ होईल. माझ्याकडेही तसंच झालं होतं.

निळा_थेंब
जास्त कुठलं? 5 ग्रॅम मोरचूद, 100 मिली पाणी. काट्यावर तोलून घेतलंय.

गाळणी
मग संतृप्तीचा संबंधच नाही. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात मोरचुदाचे तीसएक ग्रॅम स्फटिक आरामात विरघळतात. तुमचे 5 ग्रॅम म्हणजे किस झाड की पत्ती. शिवाय संतृप्त द्रावणात न विरघळलेलं मोरचूद तळाला गडद निळ्या खड्यांच्या रूपात बसतं, त्याने पाणी दुधी होत नाही. अणुरेणू, तुमचं कारण इथे लागू होत नाही. पाणी कुठलं ते अजून कळलेलं नाही.

खडू_फळा
द्रावण करताना एक गोष्ट सगळे विसरतात, म्हणून आवर्जून सांगतो. स्फटिकी मोरचुदाच्या प्रत्येक सूत्र-एककाबरोबर पाण्याचे 5 रेणू असतात. त्यामुळे त्याचं मोलर वस्तुमान 249.7, निर्जलाचं 159.6. एक मोलर द्रावणाचे 100 मिली हवे असतील तर निळे स्फटिक 24.97 ग्रॅम घ्यायचे, 15.96 नव्हे. आणि 100 मिली पाण्यात टाकायचे नाहीत. आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग मानेवर खूण असलेल्या फ्लास्कात खुणेपर्यंत पाणी भरायचं. मोलॅरिटी ही द्रावणाच्या आकारमानावर मोजतात, द्रावकाच्या नाही. मोलॅलिटीत द्रावकाचं वस्तुमान धरतात, म्हणून ती तापमानाने बदलत नाही.

निळा_थेंब
सर, माहिती चांगली आहे, पण मोलर वगैरे काही विचारलेलंच नाही. ते गढूळ का झालं तेवढं सांगा ना. पाणी नेहमीचं, नळाचं.

गाळणी
हेच हवं होतं. नळाचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ते स्वतःच एक विरल द्रावण असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, थोडे क्लोराइड. यातला बायकार्बोनेट तुमचा घोटाळा करतोय. तांब्याचे आयन त्याच्याशी भिडले की बेसिक कॉपर कार्बोनेट तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही, आणि फिकट निळसर-हिरव्या बारीक अवक्षेपाने, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांनी, सगळं पात्र दुधी दिसतं. सोबत थोडं हायड्रॉक्साइड, थोडं बेसिक सल्फेटही असू शकतं. तुमचं मोरचूद विरघळलं आहे. दिसतोय तो नवा पदार्थ.

बाष्प
गाळणींशी सहमत, पण उपाय सोपा आहे. पाणी आधी खळखळून उकळा, थंड करा, वरचं निवळ पाणी गाळून घ्या आणि त्यात मोरचूद टाका. उकळल्यावर बायकार्बोनेट मोडतं, कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. तात्पुरता कठीणपणा गेला की गढूळपणाही गेला. मी कायम असंच करते, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यासाठी अडून बसत नाही.

निळा_थेंब
उकळायचं? मी तर विरघळावं म्हणून सगळं मिश्रणच तापवलं होतं. सुरुवातीला थोडंच धुरकट होतं, तापवल्यावर वाढलं. हे आधी लिहायचं सुचलं नाही, गरम केल्यावर जास्त विरघळतं हे तर सगळ्यांना माहीत असतं.

गाळणी
मोरचूद जास्त विरघळतं, बरोबर. पण तापवल्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अवक्षेपाची क्रिया पुढे सरकते. तांब्याच्या आयनांचं जल-अपघटनही, म्हणजे पाण्याशी होणारी क्रियाही, उष्णतेने वाढते. म्हणून तुमच्याकडे दुधीपणा वाढला. बाष्प, तुमचा उपाय मोरचूद टाकण्याआधीच्या पाण्यासाठी ठीक आहे, तयार मिश्रणासाठी नाही. आणि उकळून सगळं बायकार्बोनेट जात नाही, थोडा धुरकटपणा उरतोच. सरळ ऊर्ध्वपातित पाणी घ्या.

बाष्प
थोडा उरला तर काय बिघडलं? सगळ्यांकडे रात्री दहा वाजता ऊर्ध्वपातित पाणी नसतं. जे हाताशी आहे त्यात भागवायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

गाळणी
बिघडतं असं की प्रयोगच मुळी झोत दिसतो की नाही याचा आहे. उरलेला धुरकटपणा लेझर लगेच पकडतो.

अणुरेणू
अवक्षेप म्हणा किंवा काही म्हणा, गढूळ आहे, झोत दिसतो, म्हणजे हे कलिल. टिंडाल परिणाम (कणांवरून प्रकाश विखुरून झोत दिसणं) दिसला की कलिल, एवढं सोपं आहे. वहीत 'कलिल' लिहा आणि झोपा.

तळटीप
अणुरेणू, इतकं सोपं नाही. झोत निलंबनातही दिसतो. कण एक नॅनोमीटरपासून हजार नॅनोमीटरपर्यंत असले तर कलिल, त्याहून मोठे असले तर निलंबन. आणि प्रकाश दोघांतही विखुरतो. फरक ओळखायला ठेवून पाहावं लागतं आणि गाळून पाहावं लागतं. निलंबन काही वेळात तळाला बसतं, साध्या गाळण कागदावर अडकतं. कलिल बसत नाही आणि कागदातून निघून जातं.

उलटही खरं आहे: कलिल गढूळच दिसतं असं नाही. मायकेल फॅरेडेने 1857 मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर काम केलं. त्याने तयार केलेल्या माणकासारख्या लाल द्रवाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत, आणि डोळ्यांना ते द्रव साध्या रंगीत द्रावणासारखे दिसतात. झोत टाकला की मात्र उघडे पडतात. 'कलॉइड' हे नाव तर त्यानंतर, 1861 मध्ये थॉमस ग्रॅहमने दिलं. नुसत्या रंगरूपावरून मिश्रणाची जात ठरवता येत नाही.

घनमूळ
मिश्रणांचा विषय निघालाय म्हणून, 50 मिली पाणी आणि 50 मिली शुद्ध इथेनॉल एकत्र करून बघा. 100 मिली होत नाही, 96-97 मिलीच्या आसपास भरतं. रेणू एकमेकांत जास्त घट्ट बसतात. मला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजपात्रावरच संशय आला होता.

पिवळा_धातू
पितळ हे द्रावण धरायचं की मिश्रण? तांब्यात जस्त आहे म्हणजे घन द्रावण ना? माझा हा प्रश्न बरेच दिवस अडलाय.

तळटीप
द्रावण हे मिश्रणच असतं, समांगी मिश्रण. नेहमीच्या पितळात तांब्याच्या जालकात जस्ताचे अणू तांब्याच्या जागी बसतात, म्हणून घन द्रावण. जस्ताचं प्रमाण फार वाढलं तर दुसरी प्रावस्था (वेगळ्या रचनेचा भाग) तयार होते, मग पूर्ण समांगी म्हणता येत नाही. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे एकाला उद्या वही द्यायची आहे.

निळा_थेंब
धन्यवाद! अजून एक विचित्र दिसतंय. लेझरची रेघ पात्रात शिरते तिथे ठळक आहे, पण पुढे जाता जाता मंद होते, पलीकडच्या काचेपर्यंत जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे अर्धं कलिल, अर्धं द्रावण असं असतं का?

गाळणी
लेझर लाल आहे का?

निळा_थेंब
हो, लालच. का?

गाळणी
तांब्याचा आयन पाण्यात लाल प्रकाश शोषतो, म्हणून तर द्रावण निळं दिसतं. तुमची रेघ वाटेतच खाल्ली जातेय. त्याचा कणांच्या आकाराशी संबंध नाही. हिरवा लेझर असेल तर तो वापरा, निळ्या द्रावणातून तो बराच पुढे जातो. नसेल तर लालच वापरा, पण पात्राच्या कडेजवळून, कमी अंतरातून टाका आणि बाजूने पाहा. झोतात डोळा घालू नका, काचेवरून परावर्तित होणाऱ्या किरणाकडेही लक्ष ठेवा.

खडू_फळा
आणि आधी त्याच नळाच्या नुसत्या पाण्यात लेझर टाकून पाहा. धुळीचे कण असतील तर तिथेही ठिणग्यांसारखे ठिपके चमकतील. तुलनेसाठी कोरा नमुना नसेल तर निरीक्षणाला अर्थ नाही. वर्गात हे कोणीच करत नाही आणि मग सगळ्यांच्या वह्यांत एकच छापील वाक्य येतं.

तळटीप
खडू_फळा सरांच्या या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

निळा_थेंब, आता असं करा. अर्धं मिश्रण बाजूला ठेवा, ढवळू नका. उरलेलं गाळा. कागद पाण्याने आधी ओला करून नरसाळ्याला नीट चिकटवा, नाहीतर कडेने गढूळ पाणी तसंच खाली उतरतं. कागदावर काय उरतं, खाली काय येतं, दोन्ही स्वतंत्र लिहा. मग खालच्या द्रवात पुन्हा लेझर टाका.

गाळणी
आणि शेवटी त्या गाळलेल्या द्रवात विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब. विरलच, संहत अजिबात नाही, चष्मा लावून. अवक्षेप असेल तर विरघळून जाईल.

बाष्प
म्हणजे शेवटी आम्लाने साफ करायचं होतं तर इतकं ताणलं कशाला? पहिल्याच उत्तरात सांगितलं असतं तर झालं असतं.

गाळणी
आधीच आम्ल टाकलं असतं तर द्रव निवळ झाला असता, पण गढूळ कशाने झाला होता हे कळलं नसतं. त्याला वहीत कारण लिहायचं आहे. आधी निरीक्षण, मग आम्ल.

निळा_थेंब
केलं. गाळलं. कागदावर फिकट हिरवट-निळा, पिठासारखा बारीक थर उरला, घडीच्या रेघेत थोडा जाड. खाली आलेला द्रव डोळ्यांना एकदम स्वच्छ निळा. पण लेझर टाकला तर आत अगदी पुसट रेघ अजूनही दिसते! नळाच्या नुसत्या पाण्यात रेघ नाही, चार-दोन ठिपके फक्त. आम्लाचे दोन थेंब टाकून हलवलं आणि पुसट रेघही गेली. कागदावरच्या थरावर एक थेंब टाकला तर कडेला बारीक बुडबुडे येऊन तो थर नाहीसा झाला. बाजूला ठेवलेल्या पात्रात तळाशी थर बसायला लागलाय, वरचा भाग अजून धुरकट आहे.

तळटीप
फार छान निरीक्षण. बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड, अवक्षेपात कार्बोनेट आहे हे पक्कं झालं. आणि तुमच्या एकाच पात्रात तिन्ही गोष्टी होत्या. तांब्याचे आणि सल्फेटचे आयन खऱ्या द्रावणात. अवक्षेपाचे मोठे कण निलंबनात, ते कागदावर अडकले. त्याच अवक्षेपाचे अतिसूक्ष्म कण कागदातून उतरले, त्यांनी पुसट रेघ दाखवली, तो कलिलाचा भाग. अवक्षेप जन्मतो तेव्हा कण कलिलाएवढेच असतात, मग एकमेकांना चिकटून वाढतात. म्हणून अणुरेणू अगदीच चुकीचे नव्हते, गाळणीही नव्हत्या.

अणुरेणू
मी म्हटलंच होतं, कलिल आहे.

गाळणी
थोडासा भाग. हिशेबच करू या. पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे होणारा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका धरला, तर 100 मिलीत जास्तीत जास्त 22 मिलिग्रॅमच्या आसपास बेसिक कॉपर कार्बोनेट बनेल. त्यात एकूण तांब्यापैकी शेकडा एक भागच अडकतो. बाकी 99 भाग तांबं पूर्ण वेळ द्रावणातच होतं. एवढ्याशा अवक्षेपाने अख्खं पात्र दुधी दिसतं, कारण कण बारीक असले की प्रकाश विखुरण्याचं काम फार थोड्या पदार्थात होतं.

निळा_थेंब
हा हिशेब वहीत घालू का? सरांना आवडेल?

खडू_फळा
घाला, पण 200 हा आकडा गृहीत धरलाय हे स्पष्ट लिहा. निष्कर्षात 'मोरचुदाचं द्रावण हे खरं द्रावण आहे. नळाच्या पाण्यातील बायकार्बोनेटमुळे अविद्राव्य अवक्षेप तयार झाला' इतकं पुरे. छापील उत्तरापेक्षा वेगळं आलं तरी मी शिक्षक म्हणून याला पूर्ण गुण देईन.

बाष्प
आणि उरलेलं मोरचूद मोरीत ओतू नका. तांबं पाण्यातल्या जीवांना घातक असतं. त्यात लोखंडी खिळे किंवा लोखंडी तारेचा चोथा टाकून ठेवा, लोखंडावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि निळा रंग उतरत जातो. हे मात्र उकळून होत नाही, म्हणून माझा उपाय सुचवत नाही.

निळा_थेंब
खिळे टाकलेत. बाटलीवर नाव लिहून ठेवलंय. वही लिहायला बसतो, गाळणी आणि तळटीप, तुमचे आभार. घनमूळ, ते इथेनॉलचं मी सुट्टीत करून बघणार आहे, त्याचा वेगळा धागा काढा.