मदत हवी आहे : उन्हाळ्यातही टिकेल असे चालण्याचे उद्दिष्ट कसे ठरवावे?

नमस्कार मंडळी. मी जळगावला राहतो, वय 46. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.1 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आल्यावर डॉक्टरांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालण्यास आणि 82 किलोंपैकी सुरुवातीला चार-पाच किलोच कमी करण्यास सांगितले. हिवाळ्यात मेहरूण तलावाकाठी मी रोज तासभर चालत असे. मात्र एप्रिलमध्ये पारा 43 अंशांवर गेला, तसा नेम मोडला आणि दाराशी ठेवलेल्या बुटांवर आता धूळ साचली आहे. रोज एक तास हे उद्दिष्टच मुळात अवाजवी होते, असे मला वाटते. भरीत-भाकरी सोडायची नाही. फक्त भरितावरचे तेल आणि शेवभाजी आवरायची आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ज्यांनी चालणे टिकवले आहे, त्यांनी कोणती वेळ निवडली आणि खंड पडल्यावर पुन्हा किती मिनिटांपासून सुरुवात केली, हे कृपया सविस्तर सांगावे.