भाड्याच्या घरातला रिचार्जचा मीटर काढून साधा मीटर मागावा का? (सांगली)

कृष्णाकाठ
विश्रामबागेत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. घरात चार बिऱ्हाडं, महावितरणचा मीटर एकच, तोही मालकांच्या नावावर. प्रत्येक बिऱ्हाडाला मालकांनी बाहेरून आणलेला रिचार्जचा सब-मीटर बसवलाय. ॲपवर पैसे भरायचे, युनिटला १५ रुपये. वर रोजचं म्हणून काहीतरी कापलं जातं ते वेगळंच. दिवाळीत गावाला गेलो होतो, फ्रिजसुद्धा बंद करून, तरी परत येईतो बॅलन्स खाली आलेला.

बॅलन्स संपला की वीज खाडकन बंद. मागं एकदा रात्री अकराला गेली. ॲपवर नुसतं गोल फिरत राहिलं, पैसे खात्यातून गेले आणि मीटरवर काही आले नाहीत. मालकांचा फोन बंद. लहान पोर घेऊन रात्रभर वहीनं वारा घालत बसलो.

माझं म्हणणं सरळ आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणं जागेचा मालक किंवा तिथं राहणारा, दोघांपैकी कुणीही वीजजोडणी मागू शकतो. मग महिनाअखेरीला बिल येणारा साधा मीटर मी माझ्या नावावर का घेऊ नये? मालक 'जमणार नाही' म्हणतात, कारण सांगत नाहीत.

हळदगल्ली
हे सरकारी स्मार्ट मीटरचं प्रकरण ना? ते प्रीपेड रद्द झालंय की.

कृष्णाकाठ
नाही ओ. सरकारी प्रीपेड सामान्य ग्राहकांना लावणार नाही, असं जून २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर जे नवे टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसतायत त्यांचं बिल वापरानंतरच येतं. माझ्याकडचा खाजगी आहे, मालकांनी विकत आणलेला.

मिरजेचा घरमालक
मालक कारण सांगत नाहीत ना, मग मी सांगतो. माझ्याही तीन खोल्यांना असलेच मीटर आहेत आणि मी ते काढणार नाही.

आधी साधे सब-मीटर होते. महिन्याला वही घेऊन जिना चढायचो. एक म्हणणार पगार झाला नाही, दुसरा म्हणणार रीडिंग चुकलंय. एक गडी तर तीन महिन्यांचं बिल ठेवून रातोरात सामान घेऊन गेला, कुलूपसुद्धा माझंच घेऊन. बिल माझ्या नावावर, मी नाही भरलं तर सगळ्या घराची वीज तोडणार. बिलापोटी जादा डिपॉझिट मागितलं तर लोक खोली बघायलाच येत नाहीत. मोबाईलला आधी पैसे भरता, गॅसची टाकी आधी पैसे देऊन घेता, मग विजेलाच काय झालं?

आणि मीटर भाडेकरूच्या नावावर? तो पीडी, म्हणजे जोडणी कायमची बंद करून निघून गेला आणि थकबाकी ठेवली तर पुढच्या जोडणीला ती आधी भरा म्हणतात. अशी अट घालता येते हे सर्वोच्च न्यायालयानंच २०२३ मध्ये मान्य केलंय. म्हणजे वीज त्यानं जाळायची, भुर्दंड माझ्या भिंतीला.

कॉटबेसिस
मी विद्यार्थी आहे आणि मला रिचार्जच बरा वाटतो. आम्ही खोलीत चौघं. आधी बिल आलं की भांडण ठरलेलं, कुणी कॉइल लावली, कुणाचा पंखा दिवसभर फिरत होता. आता २०० टाकले की २०० पुरेपर्यंत सगळे शहाणे. फॅमिलीवाल्यांचं वेगळं असेल, पण सगळ्यांसाठी वाईट आहे म्हणू नका.

कृष्णाकाठ
@कॉटबेसिस, आधी पैसे भरायला माझी ना नाही. दर कुणी ठरवला आणि कशावरून, हे कळायला नको का? मालकांचं मूळ बिल आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

तारजोड
वायरमनचं काम करतो. दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट सांगतो.

मीटरवर लाल दिवा मिचकतो, शेजारी 'इम्प' लिहून आकडा असतो. बहुतेकांवर ३२००, काहींवर १६००. ३२०० म्हणजे दिवा तेवढ्या वेळा मिचकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करा, फक्त १००० वॅटची इस्त्री लावा. तापत असताना मिनिटाला ५०-५५ च्या आसपास मिचकायला पाहिजे. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, म्हणून पहिल्या मिनिटातच मोजा. ८०-९० आले तर मीटर पळतोय. आणि मेन स्विच खाली करूनही मिचकत असेल तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी जोडलंय, बहुतेक वेळा जिन्यातला दिवा नाहीतर पाण्याची मोटर. हे मी डोळ्यानं बघितलंय, एका ठिकाणी नाही.

आता मालकांच्या बाजूनं. १५ रुपये ऐकून लगेच लुटलं म्हणू नका. घरगुती दर टप्प्यांचा आहे, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढं चौथा. चार बिऱ्हाडांनी ९०-९० युनिट वापरली तर वेगवेगळ्या मीटरवर सगळी पहिल्याच टप्प्यात बसली असती. एका मीटरवर ती ३६० होतात, १०० पहिल्या दरानं, २०० दुसऱ्या, ६० तिसऱ्या. वर १६ टक्के वीज शुल्क. उन्हाळ्यात खाली मालकांचा एसी चालू झाला की चौथा टप्पा. मालक कमावतही नसेल आणि तुम्ही जादा भरतही असाल, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

मिरजेचा घरमालक
हे बघा, हेच म्हणतोय मी. १५ नं मला उन्हाळ्यात पदरचे घालावे लागतात.

कृष्णाकाठ
पदरचे घालता, तर चार वेगळे मीटर घ्या की! ज्या घरात तुम्ही तोट्यात आणि आम्हीही तोट्यात, ते धरून बसायचं कशाला?

कोर्टाच्या पायऱ्या
कायद्याचं तेवढं बोलतो. वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालकानं ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे, दिलीप विरुद्ध सतीश. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणं मालकाला अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. परवान्याशिवाय वीज विकता येत नाही, ते वीज कायद्याचं कलम १२. रोजची कपात आणि न दाखवलेलं बिल तिथं अंगाशी येऊ शकतं.

पण अकरा महिन्यांचा करार हा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती राहण्याची परवानगी असते, त्यात तुम्ही कायद्यानं भाडेकरू नसता. कलम ४३ मधला 'राहणारा' तुम्हाला लागू होतो असं मी म्हणेन, मालकाचा वकील नाही म्हणेल. आणि निकालाचा कागद दाखवून मीटर मिळवाल, बाराव्या महिन्याला सामान कुठं नेणार?

गोडोलीकर
आम्ही साताऱ्यात केलंय हे. घर स्वतंत्र होतं, मालक समजूतदार. नव्या जोडणीचा ए-१ अर्ज, नोंदणी केलेला भाडेकरार, मालकांची सही, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, सुरक्षा ठेव. त्या ठेवीवर व्याज मिळतं, बिलातच वजा होतं. सोडताना मात्र ठेव परत मिळवायला हेलपाटे घातले. वर्षभरासाठी राहणार असाल तर एवढा उपद्व्याप करू नका.

हळदगल्ली
खरं कारण कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. दारात चार मीटर दिसले की घरपट्टीवाला भाडेकरू मोजतो. आणि भाडेकरूच्या नावाचं वीजबिल म्हणजे उद्या रेशनकार्ड, मतदारयादी, मग ताबा. मालक घाबरतो ते याला. तीन महिन्यांच्या बिलाला नाही.

मिरजेचा घरमालक
घाबरतो. का घाबरू नये? माझ्या चुलत्यांची जागा अशीच अडकलीये, तारखा चालूच आहेत. तरी मधला मार्ग सांगतो. मीटर वेगळे घ्या, पण चारीही मालकाच्या नावावर. बिल ज्याचं त्यानं परस्पर भरायचं. दोन महिन्यांच्या बिलाएवढं डिपॉझिट आधी द्यायचं आणि करारात तसं लिहायचं. खोली सोडताना शेवटचं बिल भरल्याची पावती दाखवली की पैसे परत.

कृष्णाकाठ
हे मला चालेल. नाव कुणाचंही असो, रात्री अकराला वीज जायला नको आणि बिल माझ्या डोळ्यासमोर पाहिजे. मालकांना उद्या हेच विचारतो.

कॉटबेसिस
दोन महिन्यांचं डिपॉझिट म्हणे. आम्हाला आमचं २०० चं रिचार्जच राहू दे.

तारजोड
विचारायच्या आधी एक ठरवून जा. चार मीटर म्हणजे खालपासून चार वेगळ्या वायरी, पेटी, कटआऊट, अर्थिंग. जुन्या घरात न्यूट्रल (परतीची वायर) सगळ्यांचा एकच असतो, तो सोडवायलाच दिवस जातो. हा खर्च मालकानं करायचा की चौघांनी वाटून, यावरच मी बघितलेल्या निम्म्या बैठका मोडल्यात.