मदत हवी आहे : निवासी गल्लीत व्यापारी वापर, हरकत कशी लिहावी?

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. जुना लेआउट, नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल (नियमित केल्याचं पत्र) मिळालेलं, घर वडिलांच्या नावावर. आमच्या नगरसेवकांनी सांगितलं की आतल्या रस्त्यांवरही दुकानं आणि व्यापारी वापर चालू द्यावा असा विषय महापालिकेच्या सभेत येणार आहे. त्यावरून लेआउटमध्ये सरळ दोन गट पडलेत आणि आमचं घर मधोमध अडकलंय.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर आईची पिठाची चक्की आहे. गहू, ज्वारी, डाळ, दिवाळीत भाजणी. पूर्वी उन्हाळ्यात भिवापुरी मिरचीही कुटून द्यायची, पण शेजारच्या आजोबांना ठसका लागायचा म्हणून ते काम तिने स्वतःहून बंद केलं. सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ, एवढीच वेळ. माझं शिक्षण त्याच चक्कीवर झालं.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर तीन वर्षांपूर्वी लग्नाचा हॉल झाला. त्याचं तोंड मोठ्या रस्त्याकडे, पण जेवणाचं सामान, जनरेटर आणि गाड्या सगळं आमच्या गल्लीतल्या मागच्या गेटातून. लग्नसराईत रात्री साडेअकराला बँड वाजतो. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. दारात गाड्या लागल्या की अँब्युलन्स आत येत नाही, हे आम्ही एकदा अनुभवलंय. त्या रात्री वडिलांना खुर्चीवर बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागलं.

मी जे वाचलं ते असं. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दाट वस्तीबाहेर 12 मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचे निवासी प्लॉट आर-1 मध्ये येतात, 12 मीटर किंवा जास्त असेल तर आर-2 मध्ये, आणि आर-2 मध्ये जास्त वापर चालतात. आमचा रस्ता नकाशात 30 फूट, म्हणजे 9.14 मीटर. मोठा रस्ता 40 फूट, म्हणजे 12.19. एकाच कोपऱ्यावर दोन हिशेब.

माझी अडचण अशी आहे की "फक्त राहण्यासाठीच ठेवा" असं लिहिलं तर आईच्या चक्कीवर गदा येईल, आणि "व्यापारी वापर चालू द्या" लिहिलं तर उद्या गल्लीत दुसरा हॉल उभा राहील. शेजारच्या काकू म्हणतात, "तू एक बाजू धर." मला धरता येत नाही. चक्की आणि हॉल एकाच शब्दात कसे बसवायचे? वापर कोणता आणि त्याचा त्रास कुठे होतो, हे वेगळं मांडता येतं का? कुणी अशी हरकत दिली असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद
दादा, आधी एक गोष्ट. सभेत ठराव झाला म्हणजे नियम बदलला असं नाही. फेरबदल 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली केला तर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, हरकती-सूचनांना एक महिना असतो, मग सुनावणी, आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची. तो महिना चुकवू नका.

अर्जात "विरोध" किंवा "पाठिंबा" लिहूच नका, "सूचना" लिहा. लहान सेवा चालू द्या, पण ये-जा रुंद रस्त्यावरूनच हवी, गाड्या स्वतःच्या प्लॉटमध्ये लागाव्यात, जनरेटर गल्लीकडे नको. हॉलचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवा, मागचं गेट त्यात आहे का ते बघा. आणि एकाच कागदावर पन्नास सह्या घेण्यापेक्षा प्रत्येक घराचा वेगळा अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. चक्कीचा परवाना आणि वीजमीटरची जुनी बिलं असतील तर तीही काढून ठेवा.

मूळ लेखक
मनापासून आभार. काल टेप घेऊन रस्ता मोजला. नकाशात 30 फूट, आमच्या दारासमोर भरला 26. बाकीचा ओट्यांनी आणि पायऱ्यांनी खाल्लाय, त्यात दीड फूट आमचा ओटा आहे. आईशी बोललो. अर्ज देण्याआधी तो ओटा काढतोय.