पोल व्हॉल्ट : बार मागेपुढे का सरकवतात, आणि ८० म्हणजे काय?

मैदानवेडा :
टोकियोत २०२५ च्या जागतिक स्पर्धेत स्वीडनच्या डुप्लांटिसने पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे लवचीक पोलच्या आधाराने आडव्या बारवरून मारायच्या उडीत, ६.३० मीटरचा विश्वविक्रम केला तो तिसऱ्या प्रयत्नात. अशा फायनलमध्ये उंची तीच असली तरी खेळाडूगणिक बारचे स्टँड मागेपुढे होतात. हे कोण ठरवतं? आणि उडी चुकली की कोणी स्टँड हलवतो, कोणी पोल बदलतो, ते कशावरून?

बॉक्सपाशी :
खेळाडूच ठरवतो. पोल ज्या बॉक्समध्ये रोवतात त्याच्या मागच्या कडेला शून्य धरतात. तिथपासून मॅटच्या दिशेने ८० सेंमीपर्यंत बार कुठेही मागता येतो, त्यापुढे नाही.

कारण प्रत्येकाच्या उडीचा सर्वोच्च बिंदू वेगळ्या जागी येतो. वेग जास्त असेल तर माणूस आत खोलवर जातो. सेकंदाला १० मीटर वेगाची सगळी ऊर्जा उंचीत बदलली तर सुमारे ५.१ मीटर मिळतात. शरीराचा गुरुत्वमध्य आधीच मीटरभर उंचीवर असतो, उरलेली उंची खांदे आणि हात मिळवून देतात. ती कमाल उंची नेमकी बारवर आली पाहिजे. वर जाताना मांडी लागली तर बार जवळ आहे, तो मागे, मॅटकडे न्या. पार होऊन उतरताना छाती किंवा हात लागला तर बार फार मागे आहे.

पोलची_पिशवी :
वरचं बरोबर आहे, पण त्याआधी टेक-ऑफचा, म्हणजे जमीन सोडतानाचा, पाय बघा. तो वरच्या हाताच्या सरळ खाली पडायला हवा. १५-२० सेंमी आत, म्हणजे बॉक्सकडे, पडला की पोल हिसका देतो, वेग मरतो आणि उडी मॅटपर्यंत पोचत नाही. मग पोल कडक आहे असं वाटतं आणि नरम पोल घेतला जातो. पुढच्या उडीत पाय जागेवर पडला की तोच नरम पोल जास्त वाकून बारवर फेकतो. म्हणून चांगले कोच शेवटच्या सहा पावलांआधीची खूण बघतात. तिथेच पाऊल आत पडत असेल तर धावण्याची सुरुवात मागे घ्यायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही.

पाय बरोबर असेल तर आधी स्टँड, मग ग्रिप (पोलवर हात किती वर धरायचे ते), शेवटी पोल बदलायचा.

मैदानवेडा :
आणि स्टँड ८० वर असूनही चढताना बार लागला तर?

पोलची_पिशवी :
मग पोल नरम पडतोय. ग्रिप चार-पाच सेंमी वर घ्या. ती आधीच टोकाला असेल तर कडक पोल. कडकपणा मोजायला पोल दोन आधारांवर ठेवून ५० पौंडांचं, म्हणजे साधारण २२.७ किलोचं, वजन टांगतात आणि किती सेंमी झुकला ते बघतात. आकडा लहान तितका पोल कडक. मात्र दोन कंपन्यांचे किंवा वेगळ्या लांबीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, हमखास फसाल.

वाऱ्याचंही तेच. पाठीवर असेल तर कडक पोल चालतो. समोरून आला की पोल उभाच राहत नाही, ग्रिप खाली घ्यावी लागते.

शाळकरी मुलांसाठी एक कळकळीची विनंती : बार शून्याजवळ लावू नका. बार जवळ दिसला की मुलं आत झेपावण्याऐवजी सरळ वर जातात आणि बॉक्सवर कोसळतात.

बॉक्सपाशी :
नियमाचं राहिलं. पहिल्या उडीसाठी स्टँड कुठे हवा ते स्पर्धेआधी सांगून ठेवतात. नंतर बदल हवा असेल तर पंचांनी जुन्या आकड्यावर लावायच्या आत सांगायचं, नाहीतर घड्याळ सुरू होतं. तिघांहून जास्त खेळाडू उरले असतील तर मिळतो एकच मिनिट. दोघं-तिघं असतील तर दोन, एकटाच उरला तर पाच. पोल उडीत मोडला तर मात्र तो प्रयत्न चुकलेला धरत नाहीत, पुन्हा संधी मिळते.