लॉ सीईटीचा शेवटचा आठवडा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीची पाच वर्षांच्या लॉ कोर्सची प्रवेश परीक्षा, म्हणजे लॉ सीईटी, आठ दिवसांवर आलीय, मॉकला (सराव परीक्षेला) बसली की हात थरथरतात आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते. आधी ते जागरण बंद करा. माझंही असंच झालेलं, सोलापूरचा उन्हाळा, पंखा गरम हवा फेकतोय आणि मी पहाटेपर्यंत चालू घडामोडी पाठ करत बसायचो, मग पेपरात एका बैठक व्यवस्थेच्या कोड्यावरच दहा मिनिटं गेली, माउस घामानं ओला, पुढचे सोपे प्रश्न वाचायचेच राहिले. १२० प्रश्न, १२० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे अडलं की काहीतरी टिक करून पुढं जायचं, कोरं काहीच सोडायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पाडा.

नवीन पुस्तक आता उघडूच नका. राज्यघटनेची कलमं १४, १९, २१, ३२, केशवानंद भारती खटला १९७३ असलं जे आधी वाचलंय तेवढंच चाळायचं. आणि लीगल रीझनिंगला प्रश्नात दिलेलं तत्त्वच लावायचं, आपल्याला माहीत असलेला कायदा मध्ये आणायचा नाही, माझे मार्क तिथं पण गेले.

हात थरथरले की चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, चार-पाच वेळा, खरंच फरक पडतो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चक्कर मारून आणा तिला, मार्कांचा विषय न काढता. हॉल तिकीट, ओरिजिनल आधार आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा, आणि सकाळी दही-भाकरी तरी खाऊन जाऊ दे, उपाशी पाठवू नका.